तासिका तत्त्वावरची आत्या

जून आला की आमच्या कॉलेजात व्हरांड्यात टेबलं मांडतात, आणि गणिताच्या टेबलामागं मला बसवतात. विभागात परमनंट एकच सर आहेत, त्यांना उकाडा सोसत नाही. मला सोसतो, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. नांदेडचा जून म्हणजे काय ते नांदेडकरांना सांगायला नको. डोक्यावर पंखा असतो, तो वारं कमी आणि आवाज जास्त देतो. बारावीचा निकाल लागलेला असतो. पोरं येतात, पोरांचे बाप येतात, एखाद्या पोरासोबत तर आख्खी भावकी येते. सगळ्यांचा प्रश्न एकच. "मॅडम, गणिताला स्कोप काय हाय?"

खरं सांगते, या प्रश्नाचा मला लई राग येतो. विचारणाऱ्याचा नाही, बापानं विचारायलाच पाहिजे. पण तो स्कोप शब्द असा टाकतात, जसं मी मागच्या खोलीत पोत्यात भरून ठेवलाय आणि मागितला की मापून द्यायचा. तरी मी राग गिळते आणि सांगते. बी.एड. करून शिक्षक होता येतं. बँकेच्या परीक्षा, स्पर्धा परीक्षा यांत गणितवाल्याचं पारडं जड असतं. एमसीए करून सॉफ्टवेअरमध्ये जाता येतं, डेटाचं काम मिळतं. विमा कंपन्यांना जोखमीचं गणित मांडणारी माणसं लागतात, त्याच्या वेगळ्या परीक्षा असतात, अवघड असतात पण पोरं देतात. विम्याचं ऐकून एका बापानं विचारलं होतं, "म्हंजे एजंट का?" मी म्हटलं, नाही हो, एजंट जो हप्ता सांगतो ना, तो हप्ता ठरवणारी माणसं. त्यानं समजल्यासारखी मान हलवली आणि पोराचा हात धरून संगणकाच्या टेबलाकडे गेला.

मी स्वतः तासिका तत्त्वावर आहे. म्हणजे शिकवलेल्या तासाचे पैसे, आणि तास नाही तर काही नाही. कॉलेजला सुट्टी लागली की माझ्या पैशालाही सुट्टी. एम.एस्सी. झाले, सेट झाले, नेट झाले, आणि तरी दरवर्षी नव्यानं मुलाखत द्यायची. ज्या लोकांसोबत एप्रिलपर्यंत चहा प्यालेला असतो तेच समोर बसतात आणि म्हणतात, "तुमचा परिचय द्या." देते बापडी. आता परिचय माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त पाठ आहे. त्यात आणखी एक मेख अशी की पोरं कमी आली की विभागाचे तास कमी होतात, आणि तास कमी झाले की पहिली मी जाते. तेव्हा व्हरांड्यातल्या त्या टेबलावर मी पोरांना सल्ला देते का दुकान चालवते, हे माझं मलाच कळत नाही. म्हणून मी एक नियम केलाय. आधी वाईट सांगायचं, मग चांगलं. पोरं त्यानं पळतात, पण रात्री झोप लागते.

यंदा त्या टेबलावर असतानाच माझ्या थोरल्या भावाचा फोन आला. भाऊ शिरूर अनंतपाळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मास्तर आहे.

"जयभीम. काय करायलीस?"

"जयभीम. गिऱ्हाईक बघायलेय."

त्याला ते कळलं नाही, किंवा त्यानं सोडून दिलं. म्हणाला, "तुझ्या भाचीनं नवंच काढलंय. नीटचं बस झालं मनली. गणितात बी.एस्सी. करायचं मनायली. तू लातूरला ये अन् तिला समजून सांग. माझं ऐकना, तिच्या मायचं ऐकना. तुझं ऐकते ती."

"काय समजून सांगू?"

"तूच सांग की. तू भोगलंस."

हे असं बोलतो तो. मनात काही नसतं, पण शब्द जातो तो नेमका हाडापर्यंत जातो. मी सुट्टीच्या दिवशी येते म्हणून फोन ठेवला.

ही भाची त्याची एकुलती एक. पाचवीत असेल तेव्हाची गोष्ट, दिवाळीत आम्ही सगळे देवणीला आमच्या घरी जमलो होतो. अंगणात ती चिंचोके मांडत बसली होती. एक ठेवला, त्याच्या दोन बाजूंनी तीन लावले, मग त्याच्या भोवती पाच, मग सात. मला हाक मारून म्हणाली, "आत्या, बघ ना. कितीबी लाव, दरवेळी चौकोनच व्हायलाय." वहिनी जेवायला बोलावून थकली. पोरगी उठेना, का चौकोनच होतो ते तिला पाहिजे होतं, आणि मी सांगायला गेले तर कानावर हात ठेवले. म्हणाली सांगू नको. दुपार टळल्यावर तिला ते सापडलं आणि मग ती जेवली, गार झालेलं. एम.एस्सी.ला शिकवताना सुद्धा मी असं लेकरू फार पाहिलं नाही. तेव्हाच मला वाटलं होतं की ही आपल्या वाटेनं येणार. बरं वाटलं होतं, आणि भीतीही वाटली होती.

पण आमच्या घरातली वाट आधीच आखलेली होती. आमचे वडील पोस्टात होते. शेत नव्हतं. ते म्हणायचे, आपल्याला रान न्हाई, आपलं रान म्हणजे शिक्षण, त्याच्यातच पेरायचं. त्यांनी पेरलं आणि एक मास्तर आणि एक मी उगवलो. पुढच्या पिढीत डॉक्टर व्हायला पाहिजे, हे कुणी बोलून दाखवलं नाही पण सगळ्यांना ठाऊक होतं. जयंतीला वस्तीतली माणसं त्या पोरीला आत्तापासूनच डॉक्टरीणबाई म्हणायची, आणि भावाची छाती फुगायची. मला त्याचं हसू येत नाही. त्या हौसेमागं काय काय आहे ते मलाही माहीत आहे.

तर दहावी झाली की तिला लातूरला आणलं. लातुरात एक रीत पडून गेलीय. पोर एकटं राहत नाही, क्लासजवळ एक खोली करतात आणि आई तिथं येऊन राहते. बाप गावाकडे. गल्लीच्या गल्ली अशा आयांनी भरलेली. दळण, डबे, दूध, आणि संध्याकाळी जिन्यावर बसून टेस्टच्या मार्कांच्या गप्पा. वहिनी तशी राहायला गेली ती गेलीच. बारावी झाली, पहिल्या परीक्षेत नंबर लागला नाही, मग एक वर्ष रिपीटर, तरी लागला नाही. इकडे शिरूरला माझा भाऊ हातानं खिचडी टाकून खातो. सणाला तेवढं घर एकत्र येतं. म्हणून मी त्याच्यावर चिडते ती पुरती चिडत नाही, मधेच गळाठते.

लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीनं लातूरला पोहोचले. वाटेत प्रत्येक गावाच्या फाट्यावर फलक, आणि फलकावर पांढऱ्या कोटातली पोरं हात बांधून उभी. गणितात चांगली झालेली पोरं कुठं असतात कोण जाणे, त्यांचे फलक लागत नाहीत.

खोली तिसऱ्या मजल्यावर. वहिनीनं चुरमुऱ्यांचा सुशीला केला होता, गरम गरम, वर शेंगदाणे. भाऊ आधीच येऊन बसला होता. भाची खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी होती. वाळली होती. तिनं "आलीस?" एवढंच म्हटलं आणि माझी पिशवी घेतली.

माझा घास तोंडात असतानाच भावानं सुरू केलं. "हं, इचार आता तुझ्या आत्याला. गणित घेऊन काय व्हतंय ते इचार. तिच्यापरीस जास्त कुणाला म्हाईत हाय? हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

मी त्या घरात कांकण झाले होते. आत्तापर्यंत मला वाटत होतं की मला सल्ल्याला बोलावलंय. तसं नव्हतं. मला दाखवायला बोलावलं होतं. ही बघ, एवढी शिकली आणि हिचं काय झालं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पण पोरगी बघत होती, म्हणून मी ताटली बाजूला ठेवली आणि माझ्या नियमानं सांगायला बसले, आधी वाईट.

तिला म्हटलं, नुसत्या बी.एस्सी.वर कोणी विचारत नाही. शिक्षक व्हायचं तर पुढं बी.एड. आणि भरती, ती निघते कधी आणि अडकते कधी ते काढणाऱ्यांनाही कळत नाही. प्राध्यापक व्हायचं तर मी समोर बसलेय, बघून घे. माझा एक विद्यार्थी देगलूरला खाजगी क्लास घेतो, बरा चालतो. एक पुण्याला किती वर्षं परीक्षाच देऊन राहिलाय, मी आता त्याला फोन करत नाही, तो पण करत नाही. एक तर बापाच्या मोबाईलच्या दुकानात बसतो, पोरगा सोन्यासारखा होता.

"झालं का?" भाऊ म्हणाला.

"थांब की दादा. आता चांगलं राहिलंय."

चांगलंही होतं. देगलूरची एक पोरगी होती, घरी तेलुगू बोलणारी. मराठीत प्रश्न विचारायचा तर अडखळायची, पण वहीवर हात चालायचा. ती हैदराबादला जाऊन संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि तिथंच एका विमा कंपनीत लागली. तिनं आईबापाला तिकडे नेलं. अशी आणखीही दोन-चार आहेत. म्हणून मी भाचीला सांगितलं, गणिताला काम आहे, पुष्कळ आहे, दिवसेंदिवस वाढायलंय. पण पदवीवर थांबायचं नाही आणि मराठवाड्यात थांबायचं नाही, एवढी तयारी असेल तरच ये.

वहिनी म्हणाली, "म्हंजे पोरीला पुन्हा बाहीर धाडायचं? हैद्राबादला?"

मी म्हटलं, "नांदेडहून हैदराबाद काय लांब आहे का? पुण्यापरीस जवळ."

"लांब असू दे, पुण्यात आपली माणसं तरी हायत," असं म्हणून तिनं विषय संपवला. मराठवाड्यातल्या आईबापाचा नकाशाच वेगळा असतो.

मग मी भाचीकडे वळले. "तू बोल. तुला गणितच कामून पाहिजे?"

ती खाली बघत म्हणाली, "आत्या, बायोचं सगळं पाठ होतंय न पुन्हा जातंय. टेस्ट दिली की दोन दिवस मी कुणाच्या तरी तोंडाकडं बघत राहते, बरोबर आलं का म्हणून. गणितात तसं न्हाई. बरोबर हाय का चूक हाय, माझं मलाच कळतंय. मला तेवढंच पाहिजे."

मला भरून आलं. इतकी वर्षं टेबलामागं बसून मी बापांना विमा आणि बँका सांगते, आणि गणित का करायचं ते हे लेकरू दोन वाक्यांत सांगून मोकळं झालं. मी भावाला म्हटलं, "दादा, हिला करू दे. माझं मत मागितलंस ना? हे माझं मत."

भावाचा चेहरा उतरला. आपणच आणलेला साक्षीदार उलटल्यावर माणसाचं होतं तसं त्याचं झालं. मी आपली उत्साहात. नांदेडला की लातूरलाच, कोणतं कॉलेज बरं, असं बोलत सुटले आणि बोलता बोलता विचारलं, "बारावीला गणितात किती होते गं तुला?"

"गणित कुठं होतं मला, आत्या?"

मला आधी समजलंच नाही. लातुरात पुष्कळ पोरं गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवतात, हिनंही ठेवले असतील असं मी धरून चालले होते. ही तर ठेवणारच, दुसरी कोण ठेवणार? पण अकरावीला प्रवेश घेताना भावाला कुणीतरी शहाण्यानं सांगितलं होतं की डॉक्टरकीला गणित लागत नाही, उगं डोक्याला भार, सोडून टाका. इथं सगळे तसंच करतात. गणिताच्या जागी मार्क देणारा विषय घ्यायचा. हिनं मत्स्यशास्त्र घेतलं होतं. शिरूरकडची पोरगी, जिनं वाहतं पाणी पाहिलं तर पावसाळ्यातच, ती माशांच्या विषयात पैकीच्या पैकी घेऊन बसली होती. आणि दहावीपर्यंत जिच्या गणितावर मास्तर लोक बोलायचे, तिनं अकरावीपासून गणिताला हात लावला नव्हता. मला तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

मी म्हटलं, "अगं, बारावीला गणित नसेल तर बी.एस्सी.ला गणित देत नाहीत."

तिला हे ठाऊकच नव्हतं. तिला वाटत होतं, पदवी म्हणजे नवी पाटी, पहिल्यापासून सुरू होत असेल. ती माझ्याकडे बघत राहिली. मग बापाकडे बघितलं. भाऊ म्हणाला, "मग तर विषयच मिटला." आवाजात सुटका होती, ती त्यानं लपवली पण नाही.

मी म्हटलं, मिटला नाही. बारावी पास झालेल्याला राहिलेला एखादा विषय तेवढाच घेऊन पुन्हा बोर्डाच्या परीक्षेला बसता येतं, तुरळक विषय म्हणतात त्याला. फेब्रुवारीत गणिताचा पेपर द्यायचा, पुढच्या जूनमध्ये प्रवेश. दोन वर्षांचं गणित ही सहा महिन्यांत फस्त करेल, मी लिहून देते.

"म्हंजे एक वर्ष वाया," भाऊ म्हणाला.

"अन् तू तिला तिसऱ्यांदा नीटला बसवायलास, ते वर्ष कुठून आलं?"

"ते वर्ष डॉक्टरकीसाठी हाय."

"आणि हे?"

माझा आवाज चढला होता. मी म्हटलं, हे वर्ष माझ्याकडं दे. नांदेडला माझ्या खोलीवर राहील, मी शिकवते, खाणंपिणं माझं. वहिनी घरी येईल, तू खिचडी खायचा बंद होशील. कुणाचंच वाईट होत नाही. वहिनीनं त्याच्याकडे बघितलं. तिला हे पटायलंय असं मला वाटलं. एक घटकाभर मला खरंच वाटलं की जमलं.

तेव्हा भाऊ हळूच म्हणाला, "बाई, तुझे तास येत्या जुलैत राहतील का जातील, तुझं तुला म्हाईत हाय का?"

त्याला वाईट बोलायचं नव्हतं, मला दिसत होतं ते. त्यानं लगेच मान खाली घातली. वहिनी त्याला म्हणाली, "असं बोलू नगा." पण बोलून झालं होतं, आणि खोटं नव्हतं. यंदा टेबलावर पोरंच आली नव्हती. सरांनी दोनदा सांगितलं होतं की यंदाचं काही खरं दिसत नाही. माझं स्वतःचं भाडं यंदा कशातून जाईल ते मला ठाऊक नव्हतं, आणि मी दुसऱ्याच्या लेकराला ठेवून घ्यायला निघाले होते. खाली गल्लीत कुणाची तरी आई पोराला डब्यासाठी हाका मारत होती.

भाचीनंच शेवट केला. म्हणाली, "पप्पा, मी देते अजून एकदा. आत्या, राहू दे. तू नको टेन्शन घेऊ." आणि माझी ताटली उचलून आत घेऊन गेली. सुशीला तसाच राहिला होता.

दुपारच्या गाडीनं निघाले. सोडायला ती बसस्टँडवर आली. एकटीच. आम्ही उसाचा रस प्यालो. संध्याकाळी तिची नव्या बॅचची चौकशी होती, त्याबद्दल ती बोलत होती, फिजिक्सला कोणते सर बरे वगैरे. बोलता बोलता थांबली.

"आत्या, एक सांगू का? राग नको येऊ देऊस."

"बोल."

"तू परमनंट असतीस ना, तर पप्पांनी मला धाडलं असतं."

तिनं दोष दिला नव्हता. तिला माझी माया होती, आहे. तिनं फक्त जसं होतं तसं सांगितलं. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, "हाव बाई," म्हटलं. गाडी लागली. तिनं पिशवी वर दिली, आणि क्लासला चौकशीला जायचंय म्हणून निघून गेली.

लातूर सुटलं आणि मला रडू आलं. आवरेचना. मी काही रडकी बाई नाही, मुलाखतीत कुणी कितीही पाडून बोललं तरी डोळ्याला पाणी येत नाही माझ्या. पण त्या दिवशी पदर तोंडात धरून रडले. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर गाठोडं घेऊन. चाकूर येईपर्यंत तिनं सोसलं, मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, "कुणाच्या मातीला गेलतीस का माय?"

"न्हाई हो मावशी. भाचीला भेटून आले."

"आजारी हाय का?"

"न्हाई. डॉक्टर व्हायचा अभ्यास करायलीय."

"मग रडायलीस कामून?" म्हातारी म्हणाली. "लई नशीबवान हाव की तुम्ही."